शब्दाचा अर्थ शेजारी सांगतात

पुढची तीन वाक्यं सावकाश वाचा. आजीची ठिंबर कोपऱ्यात उभी होती. ठिंबर न घेता बाहेर पडलं की हमखास पस्तावायची पाळी येते. चौकात पोचलो आणि वाऱ्याने माझी ठिंबर उलटीच केली.

‘ठिंबर’ असा शब्द मराठीत नाही. या लेखासाठी मी तो रचला. तरीही तिसरं वाक्य संपता संपता तुमच्या डोळ्यांपुढे छत्री उभी राहिली असेल. पहिल्या वाक्याला काठी, केरसुणी, शिडी यांपैकी काहीही चाललं असतं. दुसऱ्या वाक्याने केरसुणी आणि शिडी बाहेर गेल्या. काठी आणि छत्री राहिल्या. तिसऱ्याने काठी गेली. शिवाय ‘आजीची’ आणि ‘उभी’ या दोन शब्दांतल्या ईकाराने सुरुवातीलाच बांबू, झाडू आणि फावडं बाद करून टाकलं होतं. एवढी छाननी तुमच्या मनाने दोन-चार सेकंदांत केली, आणि ती चालू आहे याची तुम्हाला चाहूलही लागली नाही. न ऐकलेल्या शब्दाचा अर्थ कुणी न सांगता कळतो, याहून मोठं नवल मला भाषेत दुसरं दिसत नाही.

भोपाळच्या गोविंदपुऱ्यात परीक्षेचा फॉर्म भरून बसलेली मुलं-मुली नेमकं हेच करायला शिकत असतात, फक्त इंग्रजीत आणि घड्याळ लावून.

गोविंदपुरा ही भोपाळची कारखान्यांची बाजू. १९५६ मध्ये भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झालं आणि त्याच वर्षी हेवी इलेक्ट्रिकल्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. ब्रिटनच्या असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीजच्या तांत्रिक साहाय्याने तिचा कारखाना इथे उभा राहिला. आज सगळे त्याला ‘भेल’ म्हणतात. टर्बाइन, ट्रान्सफॉर्मर, रेल्वे इंजिनांच्या मोटारी बनवायला देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसं आली आणि पिपलानी, बरखेडा, गोविंदपुरा या वसाहतींत शेजारी शेजारी राहिली: मल्याळी, तमिळ, बंगाली, पंजाबी आणि मराठी. २०११ च्या जनगणनेत मध्य प्रदेशात मराठी मातृभाषा सांगणारे १२ लाखांहून अधिक लोक होते. त्यांपैकी गोविंदपुऱ्यातल्या एखाद्या घरात मूल मराठीत रडतं, गल्लीत हिंदीत भांडतं आणि परीक्षा इंग्रजीत देतं.

त्या परीक्षांची रांग लांब आहे. बँकांसाठी आयबीपीएस, केंद्र सरकारच्या नोकऱ्यांसाठी एसएससी, विद्यापीठ प्रवेशासाठी २०२२ पासून सीयूईटी, इंजिनिअरांसाठी गेट. कोचिंगला जवळच्या एम. पी. नगरात जायचं. आयबीपीएसच्या क्लार्क पदाच्या पूर्वपरीक्षेत इंग्रजीचे ३० प्रश्न आणि त्यांना २० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला ४० सेकंद. त्यांत गाळलेल्या जागांचा उतारा असतो, त्याला मुलं ‘क्लोज टेस्ट’ म्हणतात. उताऱ्यातल्या एखाद्या शब्दाचा अर्थ विचारलेला असतो. रिकाम्या जागी पाचांपैकी कोणता शब्द बसेल, असा प्रश्न असतो. मुलांना वाटतं, ही शब्द पाठ असण्याची परीक्षा आहे. म्हणून हजार शब्दांच्या याद्या घोकल्या जातात. मला वाटतं, यात परीक्षेतली सगळ्यात सुंदर गोष्ट हातातून निसटते.

एक प्रश्न पाहू. ‘द ओल्ड ट्रान्सफॉर्मर हॅड बीन रिलायबल फॉर इयर्स, बट ड्युरिंग द मान्सून इट बिकेम...’ आणि पुढे गाळलेली जागा. पर्याय असे: रोबस्ट, फ्रूगल, इरॅटिक, पंक्च्युअल, एलोक्वंट. समजा, तुम्ही ‘इरॅटिक’ हा शब्द जन्मात पाहिलेला नाही. ‘बट’ हा इंग्रजीतला तीन अक्षरांचा शब्द सांगतो की पुढे येणारं विशेषण ‘रिलायबल’च्या उलट बाजूचं असणार. रोबस्ट म्हणजे दणकट आणि पंक्च्युअल म्हणजे वक्तशीर, हे दोन्ही रिलायबलच्याच पंगतीतले, ते गेले. फ्रूगल म्हणजे काटकसरी आणि एलोक्वंट म्हणजे वक्तृत्व असलेला, हे गुण माणसाचे, ट्रान्सफॉर्मरचे नव्हेत, तेही गेले. उरला तो एक. आणि उरल्या उरल्या त्याचा अर्थही हाती आला: कधी चालणारा, कधी न चालणारा, लहरी. जो शब्द ठाऊक नव्हता तोच बरोबर उत्तर म्हणून निवडला गेला, आणि निवडताना शिकलाही गेला. ज्याला गोविंदपुऱ्यात राहून पावसाळ्यात ट्रान्सफॉर्मर काय काय करतो हे ठाऊक आहे, त्याला तर हे वाक्य संपायच्या आधीच कळलं असेल.

ही क्षमता मुलांत कशी येते हे पाहण्यासाठी हाइन्झ वेर्नर आणि एडिथ कॅप्लान या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९५० च्या सुमारास अमेरिकेत एक प्रयोग केला. त्यांनी बारा बनावट शब्द तयार केले आणि प्रत्येक शब्द सहा वाक्यांत घातला. साडेआठ ते साडेतेरा वर्षांच्या मुलांना एकेक वाक्य दाखवायचं आणि विचारायचं, या शब्दाचा अर्थ काय? त्यांतला एक शब्द होता कॉर्प्लम. पहिलं वाक्य सांगतं की कॉर्प्लमचा आधार घेता येतो. दुसरं सांगतं की त्याने उघडी जागा बंद करता येते. मग कळतं की तो लांब किंवा आखूड, जाड किंवा बारीक असू शकतो. ओला असला तर जळत नाही. पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करता येतो. शेवटी रंगारी त्याने रंग ढवळतो. तुम्हाला एव्हाना लाकडाची पट्टी किंवा काठी दिसायला लागली असेल.

मोठी मुलं तुमच्यासारखीच तिथे पोचली. लहान मुलांनी जे केलं ते मला जास्त विलक्षण वाटतं. त्यांना शब्द वाक्यापासून सुटा करताच येईना. वाक्याचा सगळा अर्थ ती त्या एका शब्दात ओतायची, आणि पुढचं वाक्य आलं की मागचा अर्थ तसाच शेजारी ठेवून नवा जोडायची. सहा वाक्यांवर एकच अर्थ लावून पाहणं, न बसला तर तो बदलणं, हे वयाबरोबर हळूहळू येत गेलं. म्हणजे संदर्भावरून अर्थ काढण्यात दोन कामं आहेत: अंदाज करणं आणि केलेला अंदाज मागे घेणं. पहिलं आपण सगळे सहज करतो. परीक्षेत मार्क जातात ते दुसऱ्यापायी. पहिल्या ओळीवरून मनाने धरलेला अर्थ चौथ्या ओळीत बसत नाही, तरी तो सोडवत नाही.

‘क्लोज टेस्ट’चा जन्मही याच काळातला. १९५३ मध्ये विल्सन टेलर या अमेरिकी संशोधकाने उताऱ्यातले ठरावीक अंतरावरचे शब्द गाळून वाचकांना ते भरायला सांगितले. त्याला वाचकांची परीक्षा घ्यायची नव्हती. उतारा किती सोपा किंवा अवघड लिहिला आहे हे त्याला मोजायचं होतं. जितक्या जागा लोक बरोबर भरतील तितका उतारा सोपा. लेखकाची परीक्षा म्हणून निघालेलं हत्यार पुढे वाचकाच्या परीक्षेत आलं. त्याच्या दोन वर्षं आधी, १९५१ मध्ये, क्लॉड शॅनन या गणितज्ञाने एका व्यक्तीला न वाचलेल्या मजकुरातलं पुढचं अक्षर ओळखायला लावलं होतं. १२९ अक्षरांपैकी ८९ अक्षरं पहिल्याच प्रयत्नात बरोबर आली. लिहिलेल्या ओळीचा मोठा भाग आधीच्या मजकुरातून आपल्याला आगाऊ कळलेला असतो, हे त्याने आकड्यांत दाखवलं. पुढे १९८० मध्ये मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांनी मेंदूतल्या विजेच्या लहरी मोजताना असंच काही पाहिलं. ऊन पावावर मोजे फासले, अशा अर्थाचं वाक्य वाचताना ‘मोजे’ हा शब्द आल्यावर सुमारे ४०० मिलिसेकंदांनी मेंदूत एक ठळक लहर उमटत होती. लोणी येणार म्हणून मेंदू तयार होता आणि आले मोजे. वाचताना आपण सतत पुढच्या शब्दाची वाट पाहत असतो.

पण हे सगळं विसाव्या शतकात सापडलं असं कुणी म्हटलं तर मी त्याला भर्तृहरीकडे नेईन. ‘वाक्यपदीय’ या ग्रंथाचा कर्ता, साधारण पाचव्या शतकातला हा व्याकरणकार. त्याच्या ग्रंथाच्या दुसऱ्या कांडात एक यादी आहे. एका शब्दाचे अनेक अर्थ असतात, तेव्हा इथे कोणता घ्यायचा हे कशावरून ठरवायचं? त्याने चौदा गोष्टी नावानिशी सांगितल्या आणि पुढे ‘आदी’ म्हणून दार उघडं ठेवलं. संदर्भावरून अर्थ काढण्याचा इतका नेमका आराखडा मी कोणत्याही कोचिंगच्या पुस्तकात पाहिलेला नाही.

त्यातली पहिलीच गोष्ट ‘संयोग’. हरी म्हणजे विष्णू, इंद्र, सिंह, वानर, घोडा, अगदी बेडूकसुद्धा. पण शंखचक्रधारी हरी म्हटलं की तो विष्णूच. दुसरी ‘विप्रयोग’: शंखचक्र नसलेला हरी म्हटलं, तरीही तो विष्णूच! कारण ज्याच्याकडे एरवी शंखचक्र असतात त्याच्याचबद्दल ते नाहीत असं म्हणण्यात अर्थ आहे. बेडकाकडे शंखचक्र नाहीत असं कोण सांगायला जाईल? एखादी गोष्ट नसणं हाही पुरावा असतो, हे इतक्या शतकांपूर्वी कुणाच्या तरी ध्यानात आलं आणि त्याने त्याला नाव दिलं, याने मी थक्क होतो. मग ‘विरोधिता’: राम आणि अर्जुन यांचं वैर, असं वाचलं की तो राम दशरथाचा नव्हे आणि अर्जुन पांडव नव्हे. तो परशुराम आणि तो कार्तवीर्य सहस्रार्जुन, ज्याची माहिष्मती म्हणजे नर्मदाकाठचं महेश्वर, असं मानलं जातं. इंग्रजी पेपरातले बट, ऑल्दो, अनलाइक हे याच विरोधितेचे शिपाई.

‘प्रकरण’ म्हणजे चाललेला प्रसंग. सैंधव म्हणजे मीठ आणि सैंधव म्हणजे सिंधू देशाचा घोडाही. जेवताना कुणी सैंधव मागितलं तर मीठ द्यायचं, निघताना मागितलं तर घोडा आणायचा. ‘काळ’: चित्रभानू दिवसा तळपत असेल तर सूर्य, रात्री तर अग्नी. ‘व्यक्ती’ म्हणजे व्याकरणातलं लिंग: संस्कृतात मित्र नपुंसकलिंगी असेल तर सखा, पुल्लिंगी असेल तर सूर्य. आपल्या ठिंबरच्या ईकाराने केलं ते हेच काम. आणि ‘औचित्य’ व ‘सामर्थ्य’, म्हणजे काय शोभतं आणि काय शक्य आहे; ट्रान्सफॉर्मर काटकसरी असू शकत नाही, हे आपण त्यावरूनच ठरवलं. यांतली बरीच उदाहरणं अकराव्या शतकात मम्मटाने ‘काव्यप्रकाश’मध्ये दिली आणि संस्कृतच्या पाठशाळांतून ती पुढे घोकली गेली. त्याच शतकात धारच्या भोजराजाने ‘शृंगारप्रकाश’ या अवाढव्य ग्रंथात शब्द आणि अर्थ यांच्यातले बारा संबंध मांडले. भोजाचं अपुरं राहिलेलं शिवमंदिर, भोजपूरचं, गोविंदपुऱ्यापासून तासाभराच्या अंतरावर आहे. तिथे सहलीला जाणाऱ्या मुलांना कुणी तरी हेही सांगायला हवं.

वेदवाक्यांचा अर्थ ठरवणाऱ्या मीमांसकांची एक चर्चा मला याहूनही आवडते. वैदिक वाक्यात ‘यव’ हे धान्य सांगितलं आहे. काही लोक यव म्हणजे जव म्हणतात, काही राळा म्हणतात. यज्ञात कोणतं वापरायचं? कोश दोन्हीकडून बोलतो, लोकव्यवहारही दोन्हीकडून बोलतो. जैमिनीच्या सूत्रांवरच्या भाष्यात शबरस्वामी उत्तर देतात: उरलेलं वाक्य वाचा. त्याच प्रकरणात पुढे म्हटलं आहे की इतर वनस्पती सुकत असतात तेव्हा हे मात्र उल्हासात उभे असतात. वसंतात पानगळ चालू असताना शेतात उभं असतं ते रब्बीचं पीक, म्हणजे जव. राळा पावसाळ्यातला. निकाल लागला. या युक्तीला त्यांनी ‘वाक्यशेष’ असं नाव दिलं. शब्दाचा अर्थ कशाकशावरून कळतो याची एक यादी न्यायशास्त्रात सांगितली जाते. सतराव्या शतकातल्या विश्वनाथाच्या ‘न्यायसिद्धांतमुक्तावली’मध्ये ती उद्धृत केलेली आहे. तीत व्याकरण आणि कोश आहेत, जाणत्याचं सांगणं आणि लोकव्यवहार आहे, आणि त्यांच्याच बरोबरीने वाक्यशेष आणि ओळखीच्या शब्दाचं सान्निध्यही आहे. आंब्याच्या झाडावर पिक गोड गातो आहे, असं ऐकलं की पिक म्हणजे काय हे न विचारता कळतं: आंबा आणि गोड गाणं, म्हणजे कोकिळ. त्या परंपरेने कोशाला एकट्याला गादीवर बसवलं नाही.

आता पुन्हा परीक्षेकडे. अलीकडच्या पेपरांत अवघड शब्दांपेक्षा सोप्या शब्दांचे अवघड अर्थ जास्त फसवतात. अमेरिकेच्या सॅट परीक्षेने २०१६ मध्ये आडवळणी शब्दांचे जुने प्रश्न काढून टाकले आणि उताऱ्यात आलेल्या ओळखीच्या शब्दाचा तिथला अर्थ विचारायला सुरुवात केली. ‘शी टेम्पर्ड हर प्रेझ विथ अ वॉर्निंग.’ टेम्पर म्हटलं की मुलं राग धरून बसतात आणि पर्यायांत ‘रागाने बोलली’ असं काही तरी हमखास ठेवलेलं असतं. पण पोलादावर काम करणाऱ्याला विचारा. तापवून पाण्यात बुडवलेलं पोलाद कडक होतं, पण ठिसूळही होतं. मग ते पुन्हा बेताने तापवून त्याचा ठिसूळपणा कमी करतात, त्याला टेम्परिंग म्हणतात. स्तुतीला टेम्पर करणं म्हणजे तिचा जोर थोडा उतरवणं. वाक्यातच स्तुतीशेजारी सावधगिरीचा इशारा आहे, तो हेच सुचवतो. ज्या मुलाचे वडील कारखान्यात आहेत त्याच्या घरात या प्रश्नाचं उत्तर आधीपासून आहे, फक्त ते इंग्रजीच्या पेपराला उपयोगी पडेल असं त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

म्हणून मी म्हणेन, गाळलेली जागा आली की आधी पर्यायांकडे बघूच नका. वाक्य पूर्ण वाचा, पुढचं वाक्यही वाचा, आणि जागेत आपला शब्द घाला. तो इंग्रजी असायला हवा असं नाही. मराठी चालेल, हिंदी चालेल. ‘लहरी’ किंवा ‘बेभरवशाचा’ असं मनात आलं की मग पर्याय पाहा. पर्याय आधी पाहिले तर प्रत्येक शब्द त्या जागेत बसल्यासारखा वाटायला लागतो, कारण आपलं मन प्रत्येकासाठी एक गोष्ट रचून देतं. मन अर्थ लावल्याशिवाय राहत नाही. तेच त्याचं बळ आहे आणि परीक्षा बनवणारा त्याच बळाचा सापळा करतो.

निगेटिव्ह मार्किंगच्या भीतीने पुष्कळ मुलं अर्धवट कळलेला प्रश्न सोडून देतात. इथे गणित ऐकण्यासारखं आहे. आयबीपीएसमध्ये पर्याय पाच, बरोबर उत्तराला १ गुण, चुकल्यास पाव गुण वजा. काहीच न कळता तुक्का मारला तर पाचांत एकदा १ गुण मिळणार आणि चारदा पाव पाव जाणार: बेरीज बरोबर शून्य. परीक्षकाने आंधळ्या तुक्क्याची किंमत शून्यावर बेतून ठेवली आहे. पण संदर्भावरून दोनच पर्याय नक्की बाद करता आले, तर उरलेल्या तिघांतून एक उचलण्याची सरासरी किंमत प्रश्नामागे एक षष्ठांश गुण होते. अशा बारा प्रश्नांत सरासरी दोन गुण. वाक्य अर्धं कळलं तर त्या अर्ध्या समजुतीलाही मोल आहे, आणि ते परीक्षेच्या रचनेतच लिहिलेलं आहे.

गोविंदपुऱ्यातल्या मराठी मुलाला तर ही विद्या शाळेत जायच्या आधीच मिळालेली असते. घरात ‘शिक्षा’ म्हटलं की तो घाबरतो. रस्त्यावर ‘शिक्षा विभाग’ अशी पाटी दिसली तर घाबरत नाही. घरातला राग आणि आकाशवाणीवरचा राग, आईचा संसार आणि हिंदीच्या पुस्तकातला संसार, सह्याद्रीतली दरी आणि शेजारच्या लग्नात अंथरलेली दरी, यांचा घोळ त्याच्या डोक्यात होत नाही. कुणीही त्याला याद्या करून दिलेल्या नाहीत. शेजारचे शब्द, बोलणारा माणूस आणि जागा पाहून तो अर्थ बदलतो. यातल्या जागेलाच भर्तृहरीने ‘देश’ म्हटलं होतं. दोन-तीन भाषांत वाढलेली मुलं इंग्रजीत कच्ची राहतात, अशी पालकांची समजूत असते. अनोळखी शब्दापुढे न डगमगण्याची सवय मात्र याच मुलांना सगळ्यात जास्त असते, आणि परीक्षेत तिचा उपयोग करून घ्यायला हवा.

या क्षमतेची खरी ताकद दिसली ती यंत्रांमुळे. १९९७ मध्ये थॉमस लँडॉअर आणि सुझन डुमे या दोन संशोधकांनी एका संगणकाला ज्ञानकोशातले तीस हजारांवर लेख दिले. शब्दार्थ दिले नाहीत, व्याकरण दिलं नाही. कोणता शब्द कोणत्या लेखात कोणाबरोबर आला, एवढंच त्याने मोजायचं. मग त्याला टोफेल या परीक्षेतले समानार्थी शब्दांचे ८० प्रश्न घातले. त्याने सुमारे ६४ टक्के बरोबर सोडवले. अमेरिकी महाविद्यालयांत प्रवेश मागणाऱ्या, इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांची सरासरीही जवळपास तेवढीच होती. ज्याने ना पाणी पाहिलं, ना झाड, ना माणूस, त्या यंत्राला शब्दांच्या नुसत्या शेजारावरून अर्थाचा एवढा मोठा भाग सापडला! २०१८ मध्ये गूगलने ‘बर्ट’ नावाचं भाषेचं प्रारूप तयार केलं, तेव्हा त्याला शिकवण्याची मुख्य पद्धत हीच होती: मजकुरातले १५ टक्के शब्द झाका आणि भोवतालच्या शब्दांवरून ओळखायला लावा. टेलरची गाळलेली जागा, प्रचंड मजकुरावर आणि पुन्हा पुन्हा. एम. पी. नगरातल्या वर्गात मुलगी जो प्रश्न सोडवते, त्याच्याच जातीचा प्रश्न, म्हणजे पुढचा शब्द ओळखणं, सोडवत आजची बोलकी यंत्रं शिकली आहेत.

तरीही संदर्भ सर्वशक्तिमान नाही, आणि हे मुलांना स्पष्ट सांगायला हवं. १९८३ मध्ये आयझाबेल बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की सगळे संदर्भ सारख्या योग्यतेचे नसतात. काही वाट दाखवतात, काही नुसती दिशा सुचवतात, काही गप्प राहतात आणि काही चक्क चुकवतात. ‘सुधा विषण्ण दिसत होती’ या वाक्यातून काहीच कळत नाही. ‘सगळे हसत होते, सुधा मात्र विषण्ण होती’ यातून बरंच कळतं. पण ‘सुधाला बक्षीस मिळालं, टाळ्या वाजल्या आणि ती विषण्ण मनाने घरी आली’ हे वाचून अनोळखी माणूस आनंदी असा अर्थ घेईल, आणि तो पूर्ण चुकेल. अशा वेळी पुढचा परिच्छेद वाचावा लागतो, नाही तर शब्द आधीच ठाऊक असावा लागतो. दुसरी मर्यादा आणखी कठोर आहे. भोवतालचे शब्दच कळत नसतील तर शेजारी साक्ष देणार कशी? पॉल नेशन यांच्यासारख्या अभ्यासकांच्या मते कुणाच्या मदतीशिवाय मजकूर नीट समजायला त्यातले सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात. पन्नासांत एक अनोळखी, हे प्रमाण झेपतं. दहांत एक झालं की अंदाज कोसळतात.

आणि एकदा भेटलेला शब्द लगेच आपला होत नाही. १९९९ मध्ये स्वानबोर्न आणि दे ग्लॉपर या संशोधकांनी अशा अनेक अभ्यासांचा एकत्रित हिशेब मांडला, तेव्हा सहज वाचनात भेटलेल्या अनोळखी शब्दांपैकी सरासरी १५ टक्के शब्द वाचकाने उचललेले आढळले. आकडा लहान वाटतो. पण मुलाने रोज सोप्या पुस्तकाची दहा पानं वाचली, पानाला अडीचशे शब्द धरले आणि पन्नासांत एक अनोळखी धरला, तर रोज पन्नास अनोळखी शब्द भेटतात. त्यांतले निम्मे तेच ते धरा. पंचवीसचे १५ टक्के म्हणजे रोज तीन-चार. हा ढोबळ हिशेब वर्षाला हजाराच्या पुढे जातो, आणि त्या प्रत्येक शब्दाबरोबर त्याचे शेजारीही शिकलेले असतात. घोकलेल्या यादीतला शब्द एकटा येतो. वाक्यात कुठे बसतो, कुणाला शोभतो, हे त्याला ठाऊक नसतं.

तेव्हा ज्या घरात पुढच्या वर्षी-दोन वर्षांत परीक्षा आहे, तिथल्या आईवडिलांना माझी विनंती आहे. शब्दांची यादी भिंतीवरून काढू नका, पण तिच्याशेजारी एक सोपं इंग्रजी पुस्तक ठेवा, जे मुलाला खरोखर आवडेल असं: क्रिकेटचं, विजेचं, भुतांचं, काहीही. मराठी आणि हिंदी वाचन बंद करू नका. ते वेळ खातं म्हणून अनेक घरांत दहावीनंतर बंद होतं. आणि वाचताना मुलाने एखाद्या शब्दाचा अर्थ विचारला, तर लगेच सांगू नका. ‘तुला काय वाटतं?’ असं विचारा, आणि त्याने काय पाहून तसा अंदाज केला तेही विचारा. मग शब्दकोश उघडा. अंदाज चुकला असेल तर कोणत्या शेजाऱ्याची साक्ष ऐकायची राहिली, ते दोघांनी मिळून त्याच पानावर शोधा.